तबकडीतले काका

खुर्च्या संपल्यावर लोक भिंतींना टेकले, आणि भिंती संपल्यावर दारात दाटीवाटीनं उभे राहिले. व्हिडिओच्या दुकानामागची ती खोली मुळात सामान ठेवायची. आता तिच्या खिडकीला काळा पडदा होता, समोर भलामोठा टीव्ही होता आणि कोपऱ्यातला पंखा फक्त पहिल्या रांगेची सेवा करत होता. पहिल्या रांगेत माझी मोठी मावशी बसली होती आणि तिच्या शेजारी मी. ‘एकदा डोळ्यांनी बघ आणि मग काय ते बोल,’ असं बजावून तिनं मला आणलं होतं. मी शाळेत विज्ञान शिकवते. त्यामुळे आमच्या घरात कुणाला एखादी अचाट गोष्ट पटवायची असली, की आधी ती माझ्या गळी उतरवायची अशी पद्धत पडून गेली आहे.

दिवे मंद झाले आणि तबकडीबाबा आत आले.

खरं म्हणजे हे गृहस्थ बाबा वगैरे कुणी नव्हते. पूर्वी ते लग्नांतून खांद्यावर कॅमेरा घेऊन ‘जरा इकडे बघा, हसा’ असं म्हणत फिरायचे. पुढे प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला आणि ह्यांच्या खांद्यावरचा उतरला. मग त्यांनी लोकांच्या घरच्या जुन्या व्हिडिओ कॅसेट संगणकात उतरवून, कापून-जोडून, डिस्कवर भरून द्यायचं काम धरलं. काम नेटकं होतं, गिऱ्हाईक मात्र बेताचं. अशात एके दिवशी लॉन्ड्रीवाल्या बाईंच्या डिस्कमध्ये त्यांची वारलेली आई दिसली. नातवाच्या पाळण्यावर, धुरासारखी विरळ, हसत असलेली. तेव्हापासून डिस्कला लोक ‘तबकडी’ म्हणू लागले, डिस्क बघण्याला ‘दर्शन’, आणि दुकानदाराला ‘बाबा’.

बाबांनी पांढरे हातमोजे चढवले. तबकडी दोन बोटांत धरून टीव्हीच्या उजेडात फिरवली, तेव्हा छतावर इंद्रधनुष्याचा एक तुकडा सरकत गेला आणि मागच्या रांगेतून उसासा आला.

“टेप म्हणजे काय?” त्यांनी विचारलं. “चुंबक. आणि आत्मा म्हणजे काय? तोही चुंबकच. गेलेलं माणूस टेपला चिकटून राहतं. अंधारात, वर्षानुवर्षं. त्याला बाहेर कोण काढणार? लेझर. जगातला एकमेव किरण जो कुणापुढे वाकत नाही. तबकडी जळते, तेव्हा आत्मा उजळतो.”

मी दर वर्षी नववीच्या पोरांना लेझरचा किरण भिंगातून वाकवून दाखवते. तो बिचारा मुकाट्यानं वाकतो. शिवाय डिस्कवर काही भरण्याला ‘बर्न करणं’ म्हणतात, एवढ्या एका शब्दावर बाबांनी हा सगळा डोलारा उभा केला होता. पण खोलीत ‘कशावरून?’ असं कुणी विचारलं नाही. अशा ठिकाणी हा प्रश्न चपलांबरोबर बाहेर काढून ठेवलेला असतो.

आणखी एक नियम होता. आत्मा तबकडीत आला की मूळ कॅसेट म्हणजे नुसतं रिकामं शरीर, ते घरी नेऊ नये, बाबा त्याला योग्य तो निरोप देतात. त्यामुळे एकदा दिलेली कॅसेट कुणाकडे परत जात नव्हती.

टीव्हीवर मावशीच्या नातीचा पहिला वाढदिवस सुरू झाला. मावशीची लेक दूर राहते. तिनं फोनवर काढलेलं ते चित्रण आणि घरातल्या जुन्या कॅसेट असं सगळं एकत्र करून मागितलं होतं. केक आला, नातीनं त्यात हात घातला, मोठी माणसं हसली. आणि केकच्या वर, हवेत, काका उमटले. माझे काका, मावशीचे यजमान. नात जन्मायच्या आधीच ते गेले होते. अस्तन्या दुमडलेल्या, डोळे बारीक केलेले, एक हात वर. पलीकडची ट्यूबलाइट त्यांच्या छातीतून आरपार दिसत होती. त्यांनी हात नकारार्थी हलवला आणि त्यांच्याच त्या जरा घोगऱ्या आवाजात म्हणाले, “औषध नको आता. पुरे झालं.”

आणि विरून गेले.

मावशीनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं, की बांगडी रुतली. ती रडत नव्हती. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघून मलाही गलबलून आलं, हे मी कबूल करते. काकांचा आवाज मीही किती वर्षांनी ऐकत होते.

पण शिक्षकाचा डोळा वाईट. घरी परतताना मी मावशीला म्हटलं, की काकांच्या चेहऱ्यावर ऊन होतं. कपाळावर पानाची सावली हलत होती. वाढदिवस तर बंद खोलीत, दिव्याच्या उजेडात झाला. आणि ते बोलत असताना मागे कुठला तरी पक्षी ओरडत होता.

मावशीनं थोडा विचार केला. “तिकडे ऊन असेल,” ती म्हणाली.



मावशी भोळी असती तर मला एवढं आश्चर्य वाटलं नसतं. तिची सगळी नोकरी वजनमापं तपासण्यात गेली. दुकानदारांचे तराजू, पेट्रोलपंपाची मापं, कापडवाल्यांचे मीटर. तिला बाजारात येताना बघून भाजीवाले आपणहून वजनं पुसायला घ्यायचे. अशी बाई एका माणसाचं तोंडी माप निमूट मान्य करत होती. पण काका गेल्यापासून त्या घरात ती एकटी होती. सकाळी दोन कप काढून एक परत ठेवत होती. तपासायची इच्छाच होऊ नये असंही काही माणसाच्या हाताला लागतं कधी कधी.

म्हणून मी वाद घातला नाही. तिला त्यात सुख आहे, कुणाचं काय जातंय, असं म्हणून सोडून दिलं. ह्या ‘कुणाचं काय जातंय’चा हिशेब पुढे लवकरच कळला.

एका सकाळी मावशी फोनवर मला स्वयंपाकघराच्या गळक्या नळाबद्दल सांगत होती. सांगता सांगता तिची जीभ जड झाली. शब्द ओळखू येईनात. मी हाक मारली, तर पलीकडून नुसता आवाज आला. मी तशीच धावत गेले, वाटेतून तिच्या डॉक्टरांना फोन केला. आम्ही पोचलो तोवर ती सावरली होती आणि वर आम्हालाच विचारत होती, की एवढं काय झालं म्हणून. डॉक्टरांनी तिचा रक्तदाब मोजला, पुन्हा मोजला, आणि त्यांचा चेहरा उतरला. गोळ्या वेळेवर घेताय ना, असं त्यांनी विचारलं. मावशीनं शांतपणे सांगितलं, की बंद केल्यात.

“का?”

“ह्यांनी नको सांगितलं.”

डॉक्टरांना वाटलं, हे म्हणजे दुसरा कुणीतरी डॉक्टर. मी त्यांना बाहेर नेऊन सगळा प्रकार सांगितला. मग त्यांनी आत जाऊन तिला रागानं, मग समजुतीनं, मग जवळजवळ हात जोडून सांगितलं. आज जी जीभ अडखळली ती सूचना होती, पुढच्या वेळी सूचना मिळेलच असं नाही. मावशीनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि त्यांना चहा विचारला. संसारभर ह्यांनी मला माझ्या भल्याचं नाही असं काही सांगितलं नाही, एवढंच तिचं म्हणणं.

जिन्यात डॉक्टर मला म्हणाले, “माझ्या औषधावर टीव्हीतून उतारा निघालाय. आता जे करायचं ते तुम्हीच करा, पण लवकर करा.”

त्याच सुमारास माझा मोठा भाऊ सुट्टीवर आला होता. दादा एका दूरच्या बंदरावर नोकरी करतो. ताडमाड उंच, आणि कान असे, की तरुणपणीच्या कुठल्याही चित्रणात तो आधी कानांवरून ओळखू यावा. मी त्याला सगळं सांगितलं. तो बराच वेळ हसला, मग मावशीच्या जिभेचं ऐकून हसायचा थांबला. आमच्या घरच्या जुन्या कॅसेट माळ्यावर होत्या. त्या आणि शाळेच्या स्नेहमेळाव्याचं नवं चित्रण घेऊन मी बाबांकडे गेले आणि दादाचं दर्शन हवंय, असं सांगितलं.

बाबांनी मला आतल्या टेबलाशी बसवलं. माणूस बोलायला मोठा गोड. घाई करत नव्हते, मध्ये तोडत नव्हते.

“दादा तुमच्यातून कधी गेले?” त्यांनी विचारलं.

“बरीच वर्षं झाली.”

“अचानक?”

“हो. ध्यानीमनी नव्हतं. एकदम बोलावणंच आलं.”

ह्यात एक अक्षर खोटं नव्हतं. बंदरावरून बोलावणं आलं होतं आणि दादा पेटी भरून गेला होता. बाबांनी मान खाली घालून क्षणभर शांतता पाळली. दादासाठी कुणी शांतता पाळल्याची ही पहिलीच वेळ असावी.

मग ते हळूच विचारत गेले. दादा कसा होता, काय काय बोलायचा, सध्या माझ्या मनाला काय लागून राहिलंय. मी सांगितलं, की शाळेत मुख्याध्यापिकेचं पद देऊ करताहेत, घ्यावं की नाही ते ठरत नाहीये. दादा असता तर त्याला विचारलं असतं. हे बोलताना माझ्या लक्षात आलं, की समोरचा माणूस काही सांगत नाहीये, सगळं मीच सांगतेय. प्रश्नही माझा आणि उत्तर ज्यातून निघणार त्या कॅसेटही माझ्या. मावशीही ह्याच खुर्चीत बसली असणार. रोजच्या गोळ्यांचा कंटाळा आलाय, असं तिनंही असंच बोलता बोलता सांगितलं असणार.

दर्शनाच्या दिवशी खोली पुन्हा गच्च. मावशीला मी आग्रहानं आणलं. माझ्या शंका फिटाव्यात म्हणून मी आलेय, असं तिला वाटलं आणि ती खूश झाली. दादा आमच्यानंतर येऊन शेवटच्या रांगेत बसला, कानांवरून टोपी ओढून.

चुंबक झालं, न वाकणारा किरण झाला, इंद्रधनुष्य छतावरून फिरलं. टीव्हीवर आमच्या शाळेचं व्यासपीठ आलं. मुलं गात होती. आणि गाणाऱ्या मुलांच्या डोक्यांवर माझा दादा अवतरला. विरळ, हसरा, भरघोस केसांचा, कान दोन्ही बाजूंना पंखांसारखे. मान डोलावत तो म्हणाला, “घे, घे. लाजतेस काय?”

खोलीत कुणीतरी हुंदका दिला. बाबांनी हातमोजा घातलेला हात माझ्या दिशेनं केला. “ताई, ह्याहून स्पष्ट काय हवं? पद स्वीकारा. वरून होकार आलाय.”

“वरून नाही, मागून,” शेवटच्या रांगेतून आवाज आला.

दादा उठून उभा राहिला आणि त्यानं टोपी काढली. डोक्यावरचे केस गेले होते, पण कान जागच्या जागी होते. टीव्हीवर बाबांनी चित्र थांबवलं होतं, त्यामुळे दोन्ही दादा एकदम बघायला मिळत होते. दादाच्या शेजारचा माणूस खुर्चीसकट बाजूला सरकला. आमच्या गल्लीतला न्हावी दोन रांगा सोडून होता. तो पुढे आला आणि धंद्याच्या हक्कानं त्यानं दादाच्या कानाला हात लावून पाहिला.

“गरम आहे,” त्यानं सगळ्यांना सांगितलं.

दादानं मग मोकळेपणानं खुलासा केला. पदाबिदाचं त्याला काही माहीत नव्हतं. सहलीला गेलो होतो, बहीण दुसरं आइस्क्रीम घ्यायला मागेपुढे करत होती, तिला मी आग्रह करत होतो. पुढे तिनं ते घेतलंही, आणि तिसरंही घेतलं, असं त्यानं विनाकारण जोडलं.

लोक हसले. लोक हसले म्हणजे चमत्कार संपला, असं मला वाटलं होतं. पण माणसाचं मन इतक्या स्वस्तात हार मानत नाही. एक गृहस्थ म्हणाले, की बाबांची शक्ती बघा, जिवंत माणसाच्या आत्म्यालासुद्धा खेचून आणलं. दोघातिघांनी माना हलवल्या. बाबांना हा मुद्दा सुचला नव्हता, पण तो त्यांना आवडलेला दिसला.

आणि मग मावशी बोलली. तिचा आवाज थंड होता.

“तुझा दादा जिवंत आहे, ठीक. त्यामुळे माझे हे खोटे कसे ठरतात? एका दुकानाचा तराजू खोटा निघाला म्हणून मी शेजारच्या दुकानाला दंड केलेला नाही कधी.”

प्रश्न बरोबर होता. इतकी वर्षं विज्ञान शिकवून मी तिच्यापुढे अर्धाच पुरावा ठेवला होता. तिला तिचा तराजू तपासून हवा होता, आणि तो तिचा हक्क होता.

मी बाबांकडे वळले. काकांची ती कॅसेट पूर्ण लावा, असं म्हटलं. बाबा म्हणाले, तिला निरोप दिला. मग संगणकात उतरवून घेतलेलं असेलच ते लावा, मी म्हटलं, कापायच्या आधीचं. ते म्हणाले, असं कच्चं कुणाला दाखवत नाहीत, लहरी बिघडतात. त्यांच्या ओठांवर अजून ते गोड हसू होतं. तेव्हा मात्र माझा आवाज चढला नाही, उलट खाली आला.

“तुमच्या त्या एका वाक्यावर मावशीनं रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्यात. मागच्या आठवड्यात फोनवर बोलता बोलता तिची वाचा गेली होती.”

हसू गेलं. बाबांनी मावशीकडे पाहिलं. मावशीनं मान हलवून होय म्हटलं, जणू पत्ता बरोबर आहे असं सांगावं तशी.

“रक्तदाबाच्या?” ते म्हणाले. “मला वाटलं, ताकदीच्या वगैरे असतील. त्या कंटाळल्या होत्या. म्हटलं, काका बोलले तर जरा बरं वाटेल त्यांना. तेवढंच.”

त्यांनी हातमोजे काढून खिशात कोंबले. मग न सांगता खिडकीचा काळा पडदा बाजूला केला आणि संगणक टीव्हीला जोडला. बाहेरचा साधा उजेड आत आला तेव्हा ती खोली एकदम सामानाची खोली दिसायला लागली. कोपऱ्यातल्या खोक्यांत लोकांच्या कॅसेट होत्या, ज्यांना निरोप दिलेला होता.

टीव्हीवर आता दोन आडव्या पट्ट्या दिसत होत्या, एकीखाली एक. खालच्या पट्टीत वाढदिवस होता. वरच्या पट्टीत एक छोटासा तुकडा, त्यात काका. बाबांनी एक खूण डावीकडे सरकवली आणि काका पुसट झाले. आणखी सरकवली, नाहीसे झाले. उजवीकडे ओढली, तर पूर्ण उमटले, घट्ट, भर उन्हात, आणि वाढदिवस त्यांच्यामागे झाकून गेला. काका येत होते, जात होते.  न्हाव्यानं ‘बघू’ म्हणून स्वतः ती खूण ओढून बघितली. त्याच्याही बोटांना काका तितकेच वश झाले.

खाली बघत बाबांनी पहिल्या वेळचं सांगितलं. लॉन्ड्रीवाल्या बाईंच्या चित्रणात एक दृश्य विरत दुसरं यावं, अशी जोडणी करताना त्यांच्याकडून वरचा तुकडा चुकून लांब राहिला. त्यामुळे आईचा चेहरा बाळाच्या पाळण्यावर रेंगाळला. बाई डिस्क घेऊन परत आल्या तेव्हा ह्यांना वाटलं, तक्रार करायला आल्या. तर त्या रडत होत्या, हात जोडत होत्या. “मी सांगणार होतो,” ते म्हणाले. “पण त्या इतक्या खूश होत्या. आणि दुसऱ्या दिवशी दुकानासमोर रांग होती. इतकी वर्षं लग्नं काढली, कधी कुणी माझ्याकडे बघितलं नव्हतं. सगळे कॅमेऱ्याकडे बघायचे.”

मला त्यांचा राग होता, पण हे ऐकून तो जरा कुठे ठेवावा ते कळेना.

“आता पूर्ण लावा,” मावशी म्हणाली.

त्यांनी कच्चं चित्रण काढलं. खुर्च्यांवरून माणसं पुढे झुकली.

काकांच्या घरामागचा अंगणाचा तुकडा. दुपारचं ऊन, झाडावर कुठेतरी तो पक्षी. कॅमेरा हलतोय, लेक लहान असताना तिनं धरलेला असणार. गुलाबाची झाडं, आणि त्यांच्या पानांवर फवारा उडतोय. फवारणारी व्यक्ती दिसत नाही, नुसता तिचा हात आणि पंप दिसतो. काका अस्तन्या दुमडून बाजूला उभे आहेत. ते डोळे बारीक करतात, एक हात वर करतात.

“औषध नको आता. पुरे झालं. पानं करपतील सगळी. जगाची मापं तपासत हिंडतेस, आणि घरी आलीस की औषध मात्र अंदाजानं!”

त्यावर मावशीचा आवाज, तरुण, फणकाऱ्यातला. “मग तुम्हीच मारा की.”

“मीच मारतो. दे इकडे. आणि सावलीत हो, डोकं दुखतं मग तुझं.”

पंप एका हातातून दुसऱ्या हातात गेला. काकांनी नीट बघून एकेका झाडाला थोडं थोडं औषध मारलं. मग त्यांना कॅमेरा दिसला, त्यांनी त्याच्याकडे बघून भुवया उडवल्या, आणि चित्रण संपलं.

 मावशी टीव्हीकडे बघत होती. मला वाटलं आता रडेल, आणि ती हसली. हसता हसता रडली.

“करपली होती,” ती म्हणाली. “एक झाड गेलंच त्यातलं. हे नंतर कितीतरी दिवस चिडवायचे मला.” मग बाबांकडे बघून म्हणाली, “हा माणूस तुम्ही मला आधी दाखवला असता, तर त्या धुरातल्याची मला गरज नव्हती.”

 बाबांनी तिच्यासाठी ते पुन्हा लावलं.

घरी आल्यावर तिनं पाणी घेतलं, गोळीचं पाकीट उघडलं, डॉक्टरांनी सांगितलेली गोळी घेतली आणि मला म्हणाली, की तू अशी दाराशी पोलिसासारखी उभी राहू नकोस. दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. रक्तदाब एकदम उतरला नाही, तो असा एकदम उतरत नसतो. पण हळूहळू ताळ्यावर आला. जीभ पुन्हा अडखळली नाही, उलट डॉक्टरांच्या मते ती आता गरजेपेक्षा जास्त चालते.

सगळेच काही शहाणे झाले नाहीत. जिवंत आत्मा खेचणारे गृहस्थ अजून तेच म्हणतात. लॉन्ड्रीवाल्या बाई मला म्हणाल्या, की मला थोडं थोडं कळत होतं, पण आई दिसत होती ना. त्यांच्याशी मी वाद घातला नाही. बाबांनी खोकी उघडून ज्याच्या त्याच्या कॅसेट परत केल्या. आता त्यांच्या दुकानात नुसतीच डिस्क मिळते. काम अजूनही नेटकं आहे. मी त्यांना शाळेत बोलावलं, तेव्हा त्यांनी दोन पट्ट्यांचा तो खेळ मुलांना करून दाखवला. मुख्याध्यापिकेच्या खुर्चीतून मी तो बघितला. पद घेतलं, पण ते दादाच्या होकारामुळे नाही. विचार करून घेतलं.

हे सगळं लिहायचं कारण एवढंच, की तबकडीबाबा काही एकटे नाहीत. आज अशी जोडणी करायला दुकानही लागत नाही, हातातल्या फोनवर होते. उद्या तुमच्याही घरी कुणीतरी तुमच्या गेलेल्या माणसाचा निरोप घेऊन येईल. तुम्हाला जे ऐकायचंय नेमकं तेच तो बोलेल, आणि बोलणारा आवाजही खरा असेल. तेव्हा रडू आलं तर रडा, त्यात कमीपणा नाही. पण डोळे पुसून झाले की विचारा: ह्याच्या आधी काय होतं, पुढे काय होतं, आणि मधलं कुणी कापलं? सगळं दाखवा म्हणा. दाखवायला जो काचकूच करेल त्याच्यावर विसंबून घरातलं औषध बंद करू नका, निर्णय घेऊ नका, कुणाला दुखवू नका. खऱ्या गोष्टीचं विचारण्यानं काही बिघडत नाही. आणि आपली माणसं जशी होती तशी, चिडवणारी, कुरकुरणारी, सावलीत हो म्हणणारी, पूर्ण बघायला मिळणं हे त्यांच्या धुरकट आशीर्वादाहून कितीतरी मोठं आहे.